धबधब्यावर जाताय? फोनवर पाऊस कुठला बघायचा, ते आधी समजून घ्या

जून उजाडला की आमच्या कासारवाडीच्या ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो: "रविवारी लोणावळा?" कासारवाडी स्टेशनवर लोकल पकडायची आणि पिंपरी, चिंचवड, तळेगाव, कामशेत, मळवली करत पन्नासेक किलोमीटरवर उतरायचं. प्लॅनिंग म्हणजे काय, तर हवामानाचं ॲप उघडून ढगाचं चित्र बघायचं.

काही वर्षांपूर्वी जुलैत आम्ही पाच जण असेच मळवलीला उतरून भाजे लेण्यांच्या बाजूच्या एका ओढ्यात शिरलो होतो. ॲपवर 'हलका पाऊस' होता आणि आमच्या डोक्यावर तर तोही थांबला होता. शेतातून परतणाऱ्या एका आजोबांनी वर विसापूरच्या डोंगराकडे हात केला आणि ओरडले, "पोरांनो, आधी बाहेर या, फोटो मग काढा!" आम्ही हसतच बाहेर आलो. पंधरा मिनिटांत आमच्या बॅगा ठेवलेला दगड पाण्याखाली गेला होता.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. स्क्रीनवर आकडे दाखवणं हेच माझं काम. तरीही त्या दिवशी आजोबांना जे दिसलं, ते माझ्या फोनला दिसलं नाही. असं का झालं आणि फोन नीट कसा वापरायचा, ते या लेखात पाहू.

ॲपमधला आकडा नेमका कुठला असतो?

बहुतेक ॲप्स संगणकीय मॉडेलचा अंदाज दाखवतात. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा देतं. एक चौकोन कित्येक किलोमीटरचा असू शकतो. घाटात तेवढ्या अंतरात डोंगरमाथा, दरी आणि सपाट गाव असं सगळंच येतं आणि पाऊस प्रत्येक ठिकाणी वेगळा पडतो. फरक किती? पुणे शहरात वर्षभरात साधारण ७०० मिमी पाऊस पडतो, तर लोणावळ्यात सुमारे ४,००० मिमी. त्यामुळे कासारवाडीच्या खिडकीतून दिसणारं आभाळ घाटाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. धबधब्याचं पाणी आपल्या डोक्यावरून येत नाही, ते वरच्या पाणलोट क्षेत्रातून येतं. हिशोब सोपा आहे. १ चौरस किलोमीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. वरचा डोंगर २ चौरस किलोमीटरचा असेल आणि तिथे २० मिमीची एक जोरदार सर आली, तर ४ कोटी लिटर पाणी झालं. आपल्या सोसायटीत येणारा टँकर १०,००० लिटरचा धरला, तर हे ४,००० टँकर! जुलैत जमीन आधीच भिजलेली असते, खाली कातळ असतो. यातलं बरंचसं पाणी मुरत नाही, थेट ओढ्यात येतं. आणि वाहतं पाणी जोरात असेल तर १५ सेंटीमीटर खोलीतही माणसाचे पाय सुटू शकतात.

३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या डोंगरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. तो व्हिडिओ आपल्यापैकी बहुतेकांनी फोनवर पाहिला असेल. ती माणसं पाण्याच्या मधोमध अडकली होती. काठ जवळ होता, पण तिथवर पोहोचता येत नव्हतं.

निघण्याआधी काय तपासायचं?

१. हवामान खात्याचा इशारा. 'मौसम' ॲप किंवा हवामान खात्याची वेबसाइट उघडा. पुणे जिल्ह्याच्या इशाऱ्यात घाट भागाचा उल्लेख वेगळा येतो, तोच वाचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. माझा नियम असा: घाटाला नारिंगी किंवा लाल असेल तर भजी घरीच.

२. शब्दांचा अर्थ. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ म्हणजे 'अति जोरदार' आणि त्याच्या वर 'अत्यंत जोरदार'. नोंदीतला दिवस सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे रविवारच्या नोंदीत शनिवारी सकाळी साडेआठपासूनचा पाऊस असतो. आदल्या दिवशीचा आकडा मोठा असेल तर आज ऊन पडलं तरी ओढे भरलेले असणार.

३. रडार. हवामान खात्याच्या वेबसाइटवर मुंबईच्या रडारची चित्रं मिळतात. अंदाज म्हणजे पुढे काय होईल ते, रडार म्हणजे आत्ता काय चाललंय ते. एक चित्र बघून उपयोग नाही, ओळीने चार-पाच बघा आणि पट्टा कुठे सरकतोय ते पाहा. घाटातला बराच पाऊस खालच्या ढगांतून पडतो आणि रडारच्या किरणांतून निसटू शकतो. म्हणून रडार कोरडं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका.

४. डोंगर. गुगल मॅप्सच्या लेयर्समध्ये भूभागाचा नकाशा चालू करा. धबधब्याच्या वर किती डोंगर आहे आणि किती ओहोळ येऊन मिळतात, ते दिसतं. ॲपमध्ये पाऊस बघताना त्या वरच्या भागावर बोट ठेवा, स्टेशनवर नाही.

५. बंदी. भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले. असे आदेश पावसाळ्यात निघत असतात. नकाशा रस्ता दाखवतो, पण आदेश दाखवेलच असं नाही. त्या दिवशीची बातमी वाचा.

फोन काय सांगत नाही?

हवाई बेटांवर काही नद्यांवर पाणीपातळी मोजणारी यंत्रं आहेत आणि ते आकडे कुणालाही फोनवर बघता येतात. आपल्या भाज्यासारख्या छोट्या ओढ्यांसाठी ही सोय नाही. तिथे यंत्र म्हणजे आपले डोळे. पाणी अचानक गढूळ झालं, काड्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला किंवा वरचा डोंगर ढगात गेला, तर लगेच काठावर आणि तिथून उंचावर जा. बॅग राहिली तर राहू द्या.

रेटिंगवरही भिस्त ठेवू नका. साडेचार तारे हे सुखरूप परत आलेल्या लोकांनी दिलेले असतात आणि फोटो कदाचित ऑक्टोबरमधला असतो. बांधकाम किती जुनं आहे, हेही तारे सांगत नाहीत. १५ जून २०२५ ला तळेगावजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला आणि चार जणांचा जीव गेला. पुलावर गर्दी दिसली तर आपण तिची भर घालायची नाही.

नेटवर्क गेलं तर?

जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाला लागतं. म्हणून तो भाग घरच्या वायफायवर ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. लाइव्ह लोकेशनला नेटवर्क लागतं. दरीत ते जिथल्या तिथे थांबतं आणि घरचे उगाच घाबरतात. ११२ हा नंबर आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागू शकतो. कुठलाच टॉवर नसेल तर मात्र तोही लागत नाही.

यावर सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे एक साधा मेसेज. निघताना मी आईला पाठवतो: "मळवलीला उतरून भाजे. आम्ही पाच जण. पाचपर्यंत स्टेशनवर परत. सातपर्यंत फोन आला नाही तर चौकशी कर." ग्रुपवरही तो टाकतो. ठरलेली जागा बदलली तर रेंज असतानाच नवीन मेसेज करतो.

आता आमचा रविवारचा प्लॅन शनिवारी रात्री ठरतो आणि सकाळी लोकल पकडण्याआधी पुन्हा तपासला जातो. दोनदा आम्ही स्टेशनवरूनच परत फिरलोय. ग्रुपवर शिव्या पडल्या, पण सगळे पाचही जण अजून ग्रुपवर आहेत.