तटबंदी आणि फिरते ठाणे

आपल्या वाणगावहून तारापूरचा किल्ला फार दूर नाही. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, तो तटाखाली सुरुंग लावून. बाजी भिवराव त्या लढाईत पडले. मे महिन्यात वसई हाती आली. तेथेही सुरुंगांनीच खिंडार पाडले. हे तट कच्चे होते असे कोणी म्हणणार नाही. पण तट काल जेथे होता तेथेच आजही असतो, आणि बाहेरच्याला दिवसा न्याहाळायला व रात्री खणायला वेळ मिळतो.

संगणकाच्या रक्षणाची जुनी रीत हीच. भोवती भिंत घालायची, दाराशी परवलीचा शब्द ठेवायचा. यंत्राचा जाळ्यावरचा पत्ता आणि आतील मांडणी मात्र वर्षानुवर्षे तीच. अलीकडे शास्त्रज्ञांनी दुसरी रीत काढली आहे. पत्ता सारखा बदलायचा, यंत्राच्या स्मृतीतील जागा दर वेळी निराळ्या लावायच्या, म्हणजे चोराने काल काढलेला नकाशा आज फुकट जातो. स्मृतीची ही युक्ती आपल्या खिशातल्या फोनमध्येही चालू असते. तथापि रासायनिक कारखान्यात रिअ‍ॅक्टर तापलेला असताना त्याच्या नियंत्रण-यंत्राशी असा खेळ करता येत नाही. तेथे तटच हवा. शिवाय फिरण्याला कष्ट पडतात. संपाच्या काळात सभेची जागा रोज बदलली की पोलीस चुकतात, पण रात्रपाळीचा कामगारही चुकतो!

मुंबईने ही रीत संगणकाच्या आधीच करून पाहिली होती. १९४२ च्या ऑगस्टअखेर उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर, 'हिंदुस्थानात कोठून तरी' एवढाच पत्ता. आष्टी-चिमूरचे अत्याचार, जमशेदपूरचा संप, ज्या बातम्या वर्तमानपत्रांना छापता येत नव्हत्या त्या येथून ऐकू येत. लहरींचा माग काढणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरात फिरत, म्हणून प्रक्षेपकाचे बिऱ्हाड एका घरातून दुसऱ्या घरात हलत असे. अडीच महिने हा लपंडाव चालला. १२ नोव्हेंबरच्या रात्री गिरगावात प्रक्षेपण चालू असतानाच पोलीस दारात आले. ठिकाण सांगितले ते त्यांच्याच एका तंत्रज्ञाने. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. त्या १९४६ साली सुटल्या.

फिरत्या संगणकाचेही असेच आहे. आजचा पत्ता कोणता, हे एका यंत्राला आणि ते सांभाळणाऱ्या चार माणसांना ठाऊक असावेच लागते. कारखान्यांत हे काम ठेकेदाराच्या माणसाकडे सोपवण्याची चाल पडत चालली आहे. तो आज आहे, सहा महिन्यांनी नाही. जाताना काय डोक्यात घेऊन गेला, कोणी विचारीत नाही. किल्ली ज्याच्या हाती, त्याला कायम करा आणि पोटापुरता पगार द्या, अशी आमची मागणी आहे. मालक म्हणतात, याचा सुरक्षेशी काय संबंध?