बेशरम
(हिं. बेहया, लॅ. आयपोमिया कार्निया, उपजाती फिस्टुलोजा, कुल–कॉन्व्हॉल्व्ह्युलेसी). मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील, रताळ्याच्या प्रजातीतील विषारी झुडूपवजा वनस्पती. उंची सु. १–३ मी.; पाने हृदयाकृती, फुले नसराळ्यासारखी व फिकट जांभळट गुलाबी; चीक पांढरा. गुरे सहसा तोंड लावीत नसल्याने ती कुंपणासाठी लावली गेली. मात्र तोडून टाकलेले कांडेही ओलीत मुळे धरते. नाव पडले ते यावरूनच.

भंडारा जिल्ह्यात (१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा होण्यापूर्वीच्या) तिला मोकळे रान मिळाले ते तलावांत. गोंडांच्या राजवटीत कोहळी समाजाने बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे होते. १९५१ मध्ये मालगुजारी संपून तलाव शासनाकडे गेले. गाळ काढण्याची व पाळ दुरुस्तीची जुनी घडी विसकटली. उथळ झालेल्या काठांवर बेशरम माजली, देशी पाणवनस्पती हटल्या आणि माशांच्या विणीच्या जागा आक्रसल्या. याची झळ प्रथम ढिवरांना बसली.

परदेशी असल्याने प्राचीन निघंटूंत ती आढळत नाही. लोकवैद्यकात चीक त्वचारोगांवर व जखमांवर लावतात; पण हा वापर बाह्य आहे आणि पोटात घेण्यास कोणताच आधार नाही. तिच्यातील स्वेन्सोनीन हे अल्कलॉइड १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियात स्वेन्सोना या वनस्पतीतून प्रथम वेगळे करण्यात आले. ते पेशींतील अल्फा-मॅनोसिडेज या एंझाइमाचे कार्य रोखते. न पचलेली शर्करायुक्त द्रव्ये पेशींत, विशेषतः मज्जापेशींत, साचतात. कर्करोगावरील औषध म्हणून त्याच्या मानवी चाचण्या झाल्या, परंतु औषध हाती आले नाही.

चाऱ्याच्या टंचाईत शेळ्या हा पाला खातात, आणि एकदा चटक लागली की इतर चारा असूनही शोधून खातात. मान थरथरणे, झोकांड्या जाणे, खंगत जाणे ही लक्षणे दिसू लागतात. उतारा नाही, जनावर वेळीच दूर बांधल्यास काही अंशी सुधारते, उशीर झाल्यास दगावते.

अलीकडे जिल्ह्यातील काही तलावांत ढिवरांनी, त्यांत स्त्रियांनीही, बेशरम मुळासकट उपटून देशी पाणवनस्पतींची लागवड केली आहे. नुसती कापणी निरुपयोगी ठरते. उपटलेली झुडपे पाण्यापासून दूर नेऊन वाळवावी लागतात.