शेवटची दोन पानं कोरी आहेत

गेल्या वर्षी डोंबिवली पूर्वेतली आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. घरं रिकामी करताना सोसायटीच्या लोखंडी कपाटातून एक जाडजूड वही निघाली: १९७१च्या गणेशोत्सवाचं हस्तलिखित. खाली रद्दीवाला काटा घेऊन बसलाच होता. मी ती वही तेवढी उचलली.

हस्तलिखित म्हणजे एकच प्रत असलेला अंक. ज्याचं अक्षर चांगलं तो लिहिणार, कुणी चित्रं काढणार, कुणी बांधणी करणार. मग अंक घरोघर फिरणार, प्रत्येकाकडे दोन दिवस. आमच्या अंकात एक कथा मुद्दाम अर्धी सोडलीय आणि खाली सूचना आहे, 'शेवट वाचकांनी करावा.' पुढे तीन वेगळ्या अक्षरांत तीन शेवट आहेत. एकात नायक ठाण्याला उतरून परत फिरतो, दुसऱ्यात त्याची लोकलच चुकते. तिसरा शेवट माझ्या आजीच्या अक्षरात आहे. आजीनं कधी काही लिहिलं होतं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

अशा वस्तूला कलेच्या इतिहासात नाव आहे, 'आर्टिस्ट्स बुक'. यात पुस्तक हीच कलाकृती असते. १९१३मध्ये पॅरिसला कवी ब्लेझ सांद्रार आणि चित्रकार सोनिया दलोने यांनी मिळून रेल्वेप्रवासाची कविता छापली. तिची घडी उलगडली की ती सुमारे दोन मीटर लांब होते. १९६१मध्ये रेमाँ केनोनं दहा सुनीतं छापून प्रत्येक ओळीची वेगळी पट्टी कापली. पट्ट्या उलटून वाचकानं आपली कविता जुळवायची. १९७०मध्ये अमेरिकेत रिचर्ड कोस्टेलानेट्झनं 'असेम्ब्लिंग' सुरू केलं. त्यात प्रत्येकानं आपल्या पानाच्या हजार प्रती स्वतः छापून पाठवायच्या, संपादक त्या फक्त एकत्र बांधणार.

मराठीत या वाटेवर आधी दिसतो तो 'शब्द'. १९५४मध्ये दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही विशीच्या आसपासची पोरं तो सायक्लोस्टाइल करून काढायला लागली. स्टेन्सिल कापायची, शाई लावायची, रूळ फिरवायचा, पानं टाचायची. छापखान्याचा खर्च नाही, प्रस्थापित संपादकाची परवानगीही नाही. १९६३मध्ये अशोक शहाणे यांचा 'असो' आला आणि साठच्या दशकात लघुनियतकालिकांची रांगच लागली. कोलटकर जे. जे.मध्ये शिकलेले, जाहिरातक्षेत्रात काम करणारे. १९७६मध्ये त्यांनी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत 'क्लिअरिंग हाउस' काढलं. कवीच प्रकाशक झाले. 'जेजुरी' तिथूनच आलं.

आमची वही या रांगेत बसते का? मजकूर पाहिला तर नाही. त्यातल्या कविता दिवाळी अंकांची नक्कल वाटतात. 'शब्द'वाले मराठी कविता बदलत होते, आमचे शेजारी हौस भागवत होते. पण 'शब्द'च्या वाचकाला अंकात लिहायला जागा नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्ये ती होती, आणि माझ्या आजीनं ती वापरली.

वाङ्मयाच्या इतिहासात कविता टिकतात, कारण त्या पुन्हा छापता येतात. एकच प्रत असलेली वही गेली की गेली. आपल्याकडे जुन्या इमारती पडताहेत, आणि त्यांच्या कपाटांत काय होतं याची यादी कुणी करत नाही.

वही वाचनालयात द्यावी, असं आधी वाटलं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. एवढ्या जुन्या संस्थांकडे वही सुरक्षित राहील, यात शंका नाही. पण वाचनालयाच्या पुस्तकात लिहायचं नसतं. तिथे गेल्यावर वही टिकेल, पण तिचं फिरणं आणि वाढणं थांबेल.

म्हणून मी आधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढला. मग बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप टाकला. आता कुणी बदलापूरला भाड्यानं राहतंय, कुणी ठाण्यात. निरोप असा: कथेचे तीन शेवट झालेत, शेवटची दोन पानं कोरी आहेत. वही प्रत्येकाकडे दोन दिवस राहील. नंतर ती वाचनालयात जाईल.

पहिला फोन तळमजल्यावरच्या काकांचा आला. म्हणाले, "दुसरा शेवट माझा आहे. तो मला बदलायचाय."