युनिव्हर्सल सिटी : चित्रनगरीची झाली पर्यटननगरी

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस महानगराच्या परिसरात युनिव्हर्सल सिटी वसलेली आहे. नावात ‘सिटी’ असली तरी तिला स्वतंत्र नगरपालिका नाही. चित्रपटनिर्मिती आणि पर्यटकांचे मनोरंजन हे तिचे दोन प्रमुख व्यवसाय होत.

जर्मनीतून अमेरिकेत आलेले निर्माते कार्ल लेमली यांनी १९१४ मध्ये येथील सुमारे २३० एकर शेतजमीन विकत घेतली. १५ मार्च १९१५ रोजी स्टुडिओचे उद्घाटन झाले. २५ सेंट देऊन आलेले प्रेक्षक बाकांवर बसून चित्रीकरण पाहत असत. चित्रपट मूक असल्याने त्यांच्या गलबल्याचा अडथळा होत नसे. पुढे बोलपटांचे युग अवतरले, चित्रीकरणासाठी शांतता अनिवार्य ठरली आणि १९३० च्या सुमारास प्रेक्षकांसाठी स्टुडिओचे दरवाजे बंद झाले.

ते पुन्हा उघडले १५ जुलै १९६४ रोजी. त्या वेळी स्टुडिओची मालकी एमसीए या कंपनीकडे होती. ट्रामसारख्या गाड्यांतून मार्गदर्शकासह फेरी सुरू झाल्याने चित्रीकरणात व्यत्यय न आणता स्टुडिओ दाखवणे शक्य झाले. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘सायको’ (१९६०) चित्रपटातील घर हे या फेरीचे खास आकर्षण ठरले. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘जॉज’ १९७५ मध्ये गाजल्यानंतर पुढच्याच वर्षी फेरीत यांत्रिक शार्क दाखल झाला. १९९३ मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि चित्रपटगृहे असलेला ‘सिटीवॉक’ हा भाग खुला करण्यात आला. हॅरी पॉटरवर आधारित विभाग २०१६ मध्ये, तर निन्टेंडो खेळांवरील विभाग २०२३ मध्ये सुरू झाला.

मात्र, देखावे आणि चित्रपटांचा मूळ ठेवा एकाच आवारात ठेवण्याची किंमत १ जून २००८ रोजी मोजावी लागली. देखाव्याच्या छपराच्या दुरुस्तीसाठी वापरलेल्या ब्लो टॉर्चमुळे भडकलेल्या आगीत न्यूयॉर्कच्या रस्त्यांचे देखावे, किंगकाँगचे दालन आणि चित्रफिती व ध्वनिमुद्रणे जतन केलेले कोठार भस्मसात झाले. रस्ते पुन्हा उभारण्यात आले, किंगकाँगही २०१० मध्ये नव्या रूपात परतला. परंतु कोठारात जळालेली मूळ ध्वनिमुद्रणे कायमची नष्ट झाली. पर्यटकांसाठी उभारलेला देखावा पुन्हा बांधता येतो, कलावंताचा मूळ आवाज मात्र पुन्हा घडवता येत नाही, हा धडा या आगीने दिला.