एरंडेलापासून ‘फुल्ली सिंथेटिक’पर्यंत : डब्यावरील एका शब्दाचा इतिहास

१/ अंबरनाथ येथे व्हॅल्व्होलिन कमिन्स या कंपनीचा कारखाना आहे. येथे कच्चे तेल शुद्ध होत नाही. मूळ तेलात रासायनिक पूरके मिसळून इंजिन ऑइल सिद्ध केले जाते. उल्हासनगर वा बदलापूरचा एखादा तरुण आपल्या टर्बो गाडीसाठी दुकानात ‘फुल्ली सिंथेटिक’ मागतो, तेव्हा त्याच्या हाती नेमके काय पडते? उत्तर रसायनशास्त्रात निम्मेच सापडते. उरलेले निम्मे इतिहासात आहे.

२/ व्हॅल्व्होलिनची कथा १८६६ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे सुरू होते. डॉ. जॉन एलिस हे वैद्यकीय व्यावसायिक खनिज तेलात औषधी गुण शोधत होते. औषध सापडले नाही. सापडले ते वाफेच्या इंजिनांच्या झडपांना उपयुक्त असे वंगण. तोवर यंत्रांना चरबी आणि वनस्पती तेले लावीत, ती वाफेच्या उष्णतेने विघटित होत. इंग्रजीत झडपेला जो शब्द आहे, त्यावरूनच हे नाव पडले.

३/ याच्या नेमका उलटा प्रवास आपल्या एरंडाने केला. ‘ओसाड गावी एरंड बळी’ म्हणून आपण ज्याला हिणवतो, घराघरांत रेचक म्हणून ज्याचे तेल मुलांना नाक दाबून पाजले जाई, तो एरंड विसाव्या शतकाच्या आरंभी आकाशात गेला. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये वंगणाचा व्यवसाय सुरू केला. मोटारी आणि विमानांसाठी त्यांनी तेलात ठराविक प्रमाणात एरंडेल मिसळले आणि १९०९ मध्ये त्याला एरंडाच्या इंग्रजी नावावरून ‘कॅस्ट्रॉल’ असे नाव दिले. १९१० पासून वेकफील्डची तेले हिंदुस्थानातही विकली जाऊ लागली. एरंड पिकवणाऱ्या देशाला एरंडाच्याच नावाचे तेल विकले गेले, ही वसाहतकाळाची खास गंमत!

४/ पहिल्या महायुद्धातील ग्नोम आणि ल रोन ही रोटरी इंजिने एरंडेलावर चालत. त्यांत पेट्रोलमिश्रित हवा क्रँककेसमधूनच जाई. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून पातळ होते, एरंडेल सहजी विरघळत नाही. वापरलेले तेल सरळ बाहेर फेकले जाई आणि त्याचे तुषार वैमानिकाच्या तोंडावर येत. रेचकाने आपला मूळ धर्म तेथेही सोडला नाही, असे सांगतात.

५/ येथे एक रासायनिक बाब ध्यानात घ्यावी. एरंडेल हे स्वभावतः ‘एस्टर’ वर्गातील संयुग आहे. एस्टरचे रेणू धातूला चिकटून राहतात, म्हणूनच शर्यतीच्या गाड्यांना ते दीर्घकाळ प्रिय होते. दोष एवढाच की उष्णतेत ते लवकर चिकट होते, राळेसारखा थर धरते. गुण ठेवून दोष काढता येईल काय? प्रयोगशाळेतील एस्टर हे त्या प्रश्नाचे उत्तर होते.

६/ १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत आय. जी. फार्बेनचे हेरमान झोर्न यांनी असंख्य एस्टर बनवून तपासले. पुढे युद्धात रशियाच्या हिवाळ्याने खनिज तेल गोठवले, आणि या संशोधनाची निकड सर्वांनाच कळली. (त्याच काळात आजच्या उल्हासनगरच्या जागी ब्रिटिशांची कल्याण छावणी होती. येथे तेल गोठण्याची भीती कोणाला वाटणार!) युद्धानंतर जेट इंजिनांनी एस्टर स्वीकारले. मोटारीसाठी १९७२ मध्ये अ‍ॅम्सॉइल आणि १९७४ मध्ये मोबिल १ अमेरिकेच्या बाजारात आले.

७/ आता मुख्य वाद. १९९० च्या दशकात कॅस्ट्रॉलने अमेरिकेतील आपल्या सिंटेक तेलाचा पाया बदलला. घडवलेल्या रेणूंऐवजी, हायड्रोजनच्या प्रक्रियेने अतिशुद्ध केलेले खनिज तेल वापरले. मोबिलने जाहिरातींच्या स्वनियमन संस्थेकडे तक्रार केली : हे सिंथेटिक नव्हेच. १९९९ मध्ये निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. त्या दिवसापासून ‘सिंथेटिक’ हा शब्द रसायनशास्त्रातून निघून विपणनात दाखल झाला. जर्मनीत मात्र ‘पूर्ण सिंथेटिक’ या शब्दाला जुनाच काटेकोर अर्थ राहिला.

८/ माझ्या मते तक्रार तत्त्वतः रास्त होती, पण ते अतिशुद्ध तेल वाईट नव्हते. टर्बोच्या दाहक उष्णतेत ते साध्या खनिज तेलापेक्षा कितीतरी टिकते. फसवणूक तेलात नाही. तोच शब्द दोन वेगळ्या वस्तूंना लावण्यात आहे.

९/ म्हणून डब्याच्या दर्शनी बाजूपेक्षा मागची बाजू वाचावी. ‘५डब्ल्यू-३०’ यातील ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. श्रेणीकरणाची ही पद्धत १९११ पासून अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेने घडवली. बदलापुरात थंडीत पारा फार तर दहाच्या आसपास उतरतो, त्यामुळे शून्य की पाच यावर येथे वाद घालण्यात अर्थ नाही. दुसरा आकडा महत्त्वाचा, आणि तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ‘तेल जितके जाड तितके बरे’ हा गॅरेजमधील समज झिजलेल्या, सैल इंजिनांच्या काळातला. आजच्या इंजिनात झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाच तेलाच्या दाबावर चालते. जाड तेल तेथे उशिरा पोचते. त्यानंतर पाहावी ती गाडी-उत्पादकाची मान्यता, म्हणजे मर्सिडीजचा २२९.५ किंवा फोक्सवॅगनचा ५०४ ००. ‘मान्यताप्राप्त’ आणि ‘अनुरूप’ हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्यात गाडी बनवणाऱ्याने तेल तपासून मान्य केलेले असते, दुसऱ्यात तेल विकणाऱ्याचा केवळ दावा असतो.