ट्रीज : दोन तबकड्या आणि एक आवाज

मंडळी, आजच्या बँडचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. गायिकेचा आवाज मात्र, लंडनला जाऊन आला असाल, तर कानावर पडला असण्याची शक्यता आहे. कसा, ते पुढे बघू.

बँडचं नाव ट्रीज. 1969 साली लंडनमध्ये पाच जण जमले. त्याच डिसेंबरात फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा 'लीज अँड लीफ' आला आणि जुनी लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवण्याची लाट उसळली. सीबीएसने ट्रीजचे दोन अल्बम काढले : 'द गार्डन ऑफ जेन डेलॉनी' आणि 'ऑन द शोअर'. खपले नाहीत. बँड काही वर्षांतच मोडला.

आता जरा मागे जाऊ. 1903 मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी सेसिल शार्प यांनी एका माळ्याला गाताना ऐकलं आणि गाणं वहीत उतरवलं. इंग्लंडमध्ये लोकगीतं जमवण्याच्या मोठ्या कामाला त्यातून जोर आला. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. नोंदवून ठेवलं, म्हणून आज घेता येतं. ट्रीजची बरीचशी गाणी अशाच जुन्या ठेव्यातली. उरलेली मुख्यतः बायस बोशेल यांची. (आम्हाला विचाराल तर दुसरा अल्बम सरस. त्यातलं 'सॅली फ्री अँड ईझी' पारंपरिक वाटतं, पण ते सिरिल टॉनी या नौसैनिकाने रचलेलं. ट्रीज ते दहा मिनिटं वाजवतात, आणि कुठेही घाई नाही.)

त्याच अल्बममधलं 'जॉर्डी' घ्या. नवऱ्याच्या प्राणांसाठी न्यायाधीशापुढे पदर पसरणाऱ्या बाईचं हे जुनं गाणं. 2006 मध्ये नार्ल्स बार्कली या अमेरिकन जोडीने ट्रीजच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा आपल्या 'सेंट एल्सव्हेअर' या गाण्यात वापरला. ते गाणं जगभर वाजलं. मूळ बँड कोणता, हे किती जणांनी विचारलं असेल?

गायिका होत्या सीलिया हम्फ्रिस. पुढे त्या निवेदनाच्या व्यवसायात गेल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर स्टेशनांची नावं सांगणारा आवाज त्यांचाच. 1903 च्या माळ्याचं नाव वहीत आहे. इथे मात्र रोज हजारो लोक ज्या बाईंचं ऐकून गाडीतून उतरत, त्यांचं नाव प्रवाशांना ठाऊकच नव्हतं. 2021 मध्ये त्या गेल्या.

चला, आता 'जॉर्डी' लावतो. तिकडे जाऊन आलेल्यांनी जरा कान देऊन ऐका, आवाज ओळखीचा वाटतो का सांगा.