भरदिवसा लावलेला दिवा

नोकरीचं तिसरं-चौथं वर्ष असेल. अमळनेर तालुक्यातल्या एका गावी जप्तीचं वॉरंट घेऊन गेलो होतो. घरातल्या सुनेनं मला पाहिलं, काही न बोलता गळ्यातली मंगळपोत काढली आणि माझ्या कागदांवर ठेवली. मागून सासू हंडा, परात, तवा एकेक करून ओट्यावर आणून मांडायला लागली. मी म्हणालो, "माय, हे सगळं उचला. पोत आधी गळ्यात घाला. यातलं काहीच मला नेता येत नाही." तिला पटेना. "मग बेलीफ भाऊ, तुम्ही नेता तरी काय?"

1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 मला तोंडपाठ होतं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रिवाजानं बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औतं, पोटापाण्याला लागतील तेवढे बैल आणि बियाणं, शेतकरी राहतो ते घर. यातलं काही जप्त होत नाही. माणूस नादार, म्हणजे दिवाळखोर ठरला, त्याची मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात गेली, तरी ही यादी त्याच्याकडेच राहते. तीस वर्षं मी धुळ्या-जळगावकडच्या कोर्टांत बेलिफी केली. कर्जात बुडालेला माणूस ज्याची सगळ्यात जास्त धास्ती घेतो, ते बहुतेक वेळा कायद्यात नसतंच, हे मी दारोदार पाहिलं.

ही धास्ती कायद्याहून जुनी आहे. जळगावच्या कापूस बाजारातले म्हातारे आडते सांगायचे, की पूर्वी पेढी बुडाली की शेठ गादी उलटी करायचा आणि भरदिवसा दारात दिवा लावायचा; त्यावरून दिवाळं. दिवा दिसला की घेणेकरी गोळा व्हायचे, पंच बसायचे, चोपड्या उघडायच्या आणि रुपयात किती आणे मिळतात ते ठरायचं. मला त्या दिव्यात लाज दिसत नाही. लपवण्यासारखं काही उरलं नाही, या आणि मोजून घ्या, असं तो माणूस सांगत होता. पण गावानं लक्षात ठेवली ती उलटी गादी.

असे दिवे 1865 मध्ये पुष्कळ लागले असणार. अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची रुई मिळेना, आणि खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपली आणि भाव कोसळला. 1 जुलै 1865 ला मुंबईत वायद्यांची मुदत भरली तेव्हा मोठमोठ्या पेढ्या बसल्या.

पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात एक लहानसा कायदा झाला. तो मला फार मोठा वाटतो. बापाचं कर्ज मुलानं, आजाचं नातवानं फेडायचं, हे धर्मशास्त्रानं ठरवलेलं. नाही फेडलं तर बापाला गती नाही. 1866 च्या हिंदू वारसांच्या कायद्यानं सांगितलं, की वारशात जेवढं हाती आलं तेवढ्यापुरतंच देणं लागतं. ते पवित्र ऋण 2005 च्या दुरुस्तीनं नव्या कर्जांपुरतं पुरतंच संपवलं. तरी आजही बाप रात्री झोपत नाही तो याच एका विचारानं, की पोरांच्या माथी काय जाणार. दीडशे वर्षांपूर्वी मिटलेली गोष्ट त्याच्यापर्यंत कुणी पोहोचवलीच नाही, याचा मला राग येतो.

1907 मध्ये प्रांतिक नादारी कायदा आला आणि 1920 मध्ये त्याच्या जागी आजचा. अर्ज करायला कर्ज किती हवं? 500 रुपये. म्हणजे हा कायदा फक्त शेठ लोकांसाठी कधीच नव्हता. शब्दही बघा. आमच्या शाळेत गरीब मुलाची फी माफ व्हायची, तिला नादारी म्हणत. नादारी मिळालेलं पोर ताठ मानेनं घरी सांगायचं. त्याच शब्दाचा कागद कोर्टातून आला की तोच माणूस तोंड लपवतो.

उलट्या बाजूचे गैरसमजही थोडे नाहीत. "शेत बायकोच्या नावावर करून टाक" असा सल्ला देणारे कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर हमखास भेटत. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतली अशी फुकटची हस्तांतरं रद्द होऊ शकतात. तारण ठेवलेलं सोनं किंवा जमीन घेणेकऱ्याच्या हातून सुटत नाही. जामीनदार मोकळा होत नाही. सरकारी देणं, फसवणुकीनं केलेलं कर्ज, बायकोची पोटगी यांतून तर मुक्तता नाहीच. आणि नादार ठरणं म्हणजे सुटणं नव्हे. कोर्टानं दिलेल्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज वेगळा करावा लागतो. तो केला नाही तर सगळं रद्द होतं आणि माणूस पुन्हा होता तिथं. निकाल लागला म्हणून घरी जाऊन बसलेले असे कितीतरी लोक मी पाहिले.

तुरुंगाची भीती मात्र अगदीच खोटी नव्हती. दिवाणी कैद होती, अजूनही आहे. कैद्याचा भत्ता घेणेकऱ्यानंच भरायचा. पण 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की ऐपत असून बुडवणाऱ्यालाच आत टाकता येतं. ज्याच्याकडे खरोखर नाही, त्याला नाही.

2016 ची नादारी आणि दिवाळखोरीची नवी संहिता आली. तिचा व्यक्तींसाठीचा भाग आजवर कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांनाच लागू झाला आहे. आमच्याकडच्या साध्या माणसाला अजून 1920 चाच दरवाजा.

परवा एकजण ओट्यावर येऊन बसला. कापसात आणि ठिबकच्या कर्जात गेलेला. मी म्हटलं, आधी कुणाकुणाचं किती देणं आहे ते सगळं लिही. त्यानं बँक लिहिली, पतसंस्था लिहिली, कृषी केंद्र लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. "अजून?" म्हटलं. बराच वेळ तो अंगणाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "मेव्हण्याचं नाव नको घालू ना, अण्णा? बहिणीला कळंल."

मी पेन उचलून त्याच्या हातात दिलं.